संशोधकांस राजाश्रय : आरंभीं कीं अंतीं ?

विद्वानांस राजाश्रय असावा कीं नसावा, हा वाद आतां कोणी घालीत नाहीं. नामांकित संशोधकांस सरकारनें वेतन द्यावें व त्यांनीं निश्चिंतपणें आपलें काम करावें, हें तत्त्व सर्वमान्य झालें आहे. वादाचा मुद्दा निराळा आहे : हा आश्रय कोणत्या वयांत मिळावा ? या प्रश्नाचीं दोन उत्तरें आपल्या परिचयाच्या इतिहासांत सांपडतात. त्या दोहोंची तुलना येथें करावयाची आहे.

पहिलें उत्तर दक्षिणाफंडाचें. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास वैदिक व शास्त्री यांस दक्षिणा वांटली जात असे, हें वाचकांस सांगावयास नको. इंग्रजी अंमल आल्यावर ती एकदम बंद झाली नाहीं. तींतील कांहीं भाग १८२१ सालीं पुण्यास स्थापिलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळला. १८५१ सालीं मराठी ग्रंथांस बक्षिसें देण्यासाठीं दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली, आणि पुढें याच द्रव्यांतून कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊं लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व महादेव गोविंद रानडे हे दोघेही ऐन तारुण्यांत असे फेलो होते. त्या वेळीं त्यांच्या पदरीं ग्रंथकीर्ति नव्हती. होती ती केवळ योग्यता. पुढें भांडारकरांनीं मुंबई सरकारसाठीं हस्तलिखितांचा शोध केला, त्याचे अहवाल लिहिले व १८८४ सालीं दख्खनचा प्राचीन इतिहास प्रसिद्ध केला. ज्या सरकारी संग्रहांत त्यांच्या शोधाची भर पडली, तो १९१८ सालीं डेक्कन कॉलेजांतून त्यांच्याच नांवाच्या संस्थेकडे आला, आणि आपणांपैकीं पुष्कळांनीं तो हाताळला आहे.

दुसरें उत्तर राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपदाचें. भारत सरकारनें ही योजना १९४९ सालीं आरंभिली व पहिला मान चंद्रशेखर वेंकट रामन यांस दिला. पुढें सत्येंद्रनाथ बोस, पांडुरंग वामन काणे, सुनीतिकुमार चतर्जी हे या पदावर आले. १९८२ सालीं सालिम अली यांची निवड झाली. पदार्थविज्ञान, धर्मशास्त्र, भाषाशास्त्र व पक्षिविद्या यांस एका पंक्तीस बसविणारी ही योजना उदार होती, आणि हीं नांवें पाहतां निवडीस दोष देण्यास जागा नाहीं. परंतु वयाची ६५ वर्षें पुरीं झालेल्यांचाच विचार व्हावा, असा पुढें तिचा नियम ठरला. आमचा आक्षेप या नियमावर आहे.

काणे यांचेंच उदाहरण घ्यावें. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० सालीं निघाला, दुसरा १९४१, तिसरा १९४६ व चौथा १९५३ सालीं. यांतील बहुतेक काम त्यांनीं मुंबईच्या हायकोर्टांतील वकिली सांभाळून केलें. राष्ट्रीय प्राध्यापकपद त्यांस १९५९ सालीं मिळालें. तेव्हां त्यांचें वय ७९ वर्षांचें होतें. पाचवा खंड १९६२ सालीं पुरा होऊन ग्रंथाचीं पृष्ठें साडेसहा हजारांच्या वर गेलीं. म्हणजे शिखर बांधून होत आलें, तेव्हां पायाच्या दगडांचा खर्च मंजूर झाला. काणे यांचें धैर्य असामान्य होतें म्हणून मंदिर उभें राहिलें. सर्वांचें तसें नसतें.

यावर कोणी म्हणेल, तरुणाच्या योग्यतेची परीक्षा कशी करावी ? सरकारी द्रव्य वायां जाण्याचा धोका वृद्धाच्या बाबतींत नाहीं. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. दक्षिणा फेलोंपैकीं सर्वच भांडारकर झाले नाहींत. पण शंभर बीजें पेरल्यावांचून एक वृक्ष मिळत नाहीं, हें शेतकऱ्यास कळतें. शिवाय सन्मान व साह्य या दोन भिन्न वस्तु आहेत. वृद्धाचा सन्मान अवश्य करावा. मात्र त्यास संशोधनास दिलेलें साह्य म्हणूं नये.

हस्तलिखितांच्या कामांत हा भेद विशेष जाणवतो. मोडी किंवा शारदा लिपी सराईतपणें वाचावयास शिकणें, पाठभेद नोंदणें, पोथ्यांची वंशावळ ठरविणें, यांस डोळे तरुण असतांनाच दहा-दहा वर्षें लागतात. प्रस्तुत लेखकापाशीं मोडी शिकलेला एक बुद्धिमान् मुलगा आज एका कचेरींत हिशेब लिहितो. तीन वर्षें त्यानें दफ्तरें वाचलीं; चौथ्या वर्षीं घरचा खर्च आड आला. त्यास दोष देण्याचें धाडस मला होत नाहीं.

म्हणून एक साधी सूचना आहे. ज्या ज्या वेळीं सरकार एखाद्या ज्येष्ठ संशोधकास असें पद देईल, त्या त्या वेळीं त्याच्या हाताखालीं दोन तरुणांचें वेतन त्याच आज्ञेनें मंजूर करावें. गुरूची विद्या त्याच्याबरोबर जाणार नाहीं, व शिष्याची परीक्षाही गुरूच करील. सरकार ऐको वा न ऐको, आपल्या मंडळांस व संग्राहकांस हें लहान प्रमाणावर आजच करतां येईल. एक पोथी कमी विकत घेऊन तिच्या किंमतींत एक वाचक वर्षभर पोसला, तर संग्रहाचें नुकसान होणार नाहीं. कारण वाचणारा नसेल तर पोथी कपाटांत असूनही हरवल्यासारखीच आहे.