शेवट पटला नाही, की सोसला नाही?

आजचा विषय तसा हलकाफुलका वाटेल, पण मला तो गंभीर वाटतो. विज्ञानकथेवरच्या टीव्ही मालिकेचा सीझन संपतो, शेवटचा भाग दाखवला जातो आणि लगेच चाहत्यांचा गलका सुरू होतो. कोणी रडतं, कोणी चिडतं, कोणी म्हणतं, ‘आमची सहा वर्षं फुकट गेली.’ समीक्षक मंडळी या गलक्याकडे पाहून हसतात, ‘फॅन लोकांचं काय घेऊन बसलात’ असं म्हणतात. मला आज त्या गलक्याची बाजू घ्यायची आहे, पण सरसकट नाही. त्यात दोन वेगळे आवाज असतात आणि ते आपण एकच समजतो, हे मला दाखवायचं आहे.

आधीच सांगून ठेवतो, तीन मालिकांचे शेवट मी आज उघड करणार आहे. ज्यांना ते कळून घ्यायचे नसतील त्यांनी हे व्याख्यान नंतर ऐकावं, राग येणार नाही.

पहिलं उदाहरण सोपं आहे. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन मालिकेचा तिसरा सीझन जून १९९० मध्ये संपला. कथा अशी, की बोर्ग नावाची यंत्रमानवांची जमात जहाजाचा कप्तान पिकार्ड याला पळवते आणि आपल्यात सामावून घेते. आता तोच शत्रूचा चेहरा होऊन समोर उभा आहे. त्याचा सहकारी रायकर त्याच्या जहाजावर मारा करायचा हुकूम देतो, आणि तिथेच भाग संपतो. पुढचा भाग आला २४ सप्टेंबरला, म्हणजे तब्बल चौदा आठवड्यांनी. पिकार्ड मरणार का, नट मालिका सोडणार का, यावर चाहत्यांनी सगळा उन्हाळा काढला. गंमत म्हणजे लेखक मायकेल पिलर यांनाही तो भाग लिहिताना यातून सुटका कशी करायची हे ठाऊक नव्हतं. ही त्यांनी स्वतःच पुढे सांगितलेली गोष्ट.

या चौदा आठवड्यांत काय झालं बघा. प्रत्येक चाहत्यानं मनातल्या मनात पुढचा भाग लिहिला. लेखकाकडे एकच उत्तर असणार होतं आणि प्रेक्षकांकडे हजारो होती. पुढचा भाग कितीही चांगला असला तरी ज्याच्या त्याच्या मनातल्या भागाशी त्याची तुलना होणारच. तेव्हा पहिला मुद्दा हा, की मालिका आपल्याला थांबायला लावते तेव्हा ती आपल्याला सहलेखक करते. मग सहलेखकानं मत दिलं तर ‘तू कोण?’ असं त्याला विचारता येत नाही.

पण मत देणं वेगळं आणि मत बरोबर असणं वेगळं. ते तपासायचं कसं? त्यासाठी आपल्याकडे एक जुनं हत्यार आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात नाटकाच्या पाच संधी सांगितल्या आहेत : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. मुखसंधीत बीज पेरलं जातं आणि निर्वहणात, मधल्या सगळ्या पसाऱ्यासकट, ते फळाला येतं. म्हणजे शेवट गोड आहे की कडू हा प्रश्नच तिथे पहिला नाही. पेरलं ते उगवलं का, हा पहिला प्रश्न. अर्थात संस्कृत नाटकाला शेवट गोडच लागत असे, ते आपण बाजूला ठेवू. हत्यार तेवढं घेऊ.

आता दुसरी मालिका. ‘ब्लेक्स सेव्हन’, बीबीसीची. जानेवारी १९७८ मध्ये सुरू झाली, चार सीझन, प्रत्येकी तेरा भाग, एकूण ५२. निर्माण केली टेरी नेशन यांनी, ‘डॉक्टर हू’मधले डालेक ज्यांनी जन्माला घातले तेच हे. फेडरेशन नावाची जुलमी सत्ता आणि तिच्याविरुद्ध बंड करणारा रॉज ब्लेक आणि त्याचे साथीदार, अशी गोष्ट. नट बाजूला झाल्यामुळे दुसऱ्या सीझननंतर ब्लेक मालिकेतून गेला आणि नेतृत्व आलं एव्हॉनकडे. हा एव्हॉन हुशार, थंड, कोणावर विश्वास न ठेवणारा. प्रेक्षकांचा लाडका.

मार्च १९८० मध्ये तिसरा सीझन संपला तो जवळजवळ मालिकाच संपल्यासारखा. त्यांचं जहाज नष्ट झालं, ब्लेक मेल्याचं सांगितलं गेलं. आणि श्रेयनामावली सरकत असताना निवेदकानं जाहीर केलं, की मालिका परत येणार आहे. म्हणजे चाहत्यांनी एक मरण पचवलं होतं आणि ते खोटं ठरलं होतं.

मग आला चौथ्या सीझनचा शेवट. तारीख २१ डिसेंबर १९८१. नाताळ चार दिवसांवर. लेखक क्रिस बाउचर. गौडा प्राइम नावाच्या ग्रहावर एव्हॉन आणि मंडळी ब्लेकला शोधत येतात. ब्लेक जिवंत आहे, पण पैसे घेऊन माणसं पकडून देणाऱ्या शिकाऱ्याचं सोंग घेऊन वावरतोय. खरं तर तो बंडासाठी नवी माणसं पारखून गोळा करतोय. एव्हॉनच्या एका साथीदाराला हे सोंग खरं वाटतं. तो सांगतो, ब्लेक फितूर झाला. एव्हॉन ब्लेकला विचारतो, तू आम्हाला विकलंस का? ब्लेक जे उत्तर देतो ते प्रेमाचं असतं, पण ऐकणाऱ्याला ते कबुलीसारखं ऐकू येतं. एव्हॉन त्याला गोळ्या घालतो. लगेच फेडरेशनचे सैनिक आत शिरतात आणि बाकीचे साथीदार एकेक करून पडतात. एकटा एव्हॉन ब्लेकच्या प्रेताशी उभा. भोवती सैनिकांचं कडं. तो बंदूक उचलतो, किंचित हसतो, आणि आपल्याला नुसते गोळ्यांचे आवाज ऐकू येतात. संपलं.

नाताळच्या आठवड्यात घरोघरी मुलाबाळांसकट बघितलेली ही गोष्ट. धक्का जबरदस्त बसला. आणि चाहत्यांनी पुढे काय केलं? ते लिहायला बसले. ‘गौडा प्राइमनंतर काय झालं’ हा चाहत्यांच्या कथांचा एक स्वतंत्र प्रकारच तयार झाला. हातानं काढलेल्या, टपालानं फिरणाऱ्या अंकांतून अशा कथा वर्षानुवर्षं येत राहिल्या. १९८४ मध्ये टोनी ॲटवुड यांची ‘आफ्टरलाइफ’ ही पुढची गोष्ट सांगणारी कादंबरीही निघाली. त्याला जागा होती. ब्लेकच्या अंगावर रक्त दिसतं, कारण गॅरेथ थॉमस या नटाला आपलं पात्र निर्विवाद मरायला हवं होतं. बाकीच्यांच्या अंगावर रक्त दिसत नाही. पुढचा सीझन मिळालाच तर दार किलकिलं असावं अशी ती सोय. चाहत्यांनी त्या फटीतून वाट काढली.

आता बीज तपासू. १९७८ चा पहिला भाग आठवा. ब्लेकची स्मृती सत्तेनं पुसलेली आहे. तो एका गुप्त बैठकीला जातो. बैठकीत एक फितूर असतो. सैनिक येतात, निःशस्त्र माणसांना मारतात, एकटा ब्लेक उरतो. मग त्याच्यावर खोटे आरोप लादून त्याला तुरुंग असलेल्या ग्रहाकडे पाठवतात. जी सत्ता माणसाचा माणसावरचा विश्वासच मारून टाकते तिच्याशी लढायचं कसं, हे त्या मालिकेचं बीज. आणि शेवटच्या भागात? पुन्हा एक फितूर, पुन्हा कत्तल, पुन्हा एकटा उरलेला माणूस. फरक एवढाच, की या वेळी पहिली गोळी मित्रानंच झाडली आहे. फेडरेशनला ब्लेकला मारावं लागलं नाही. तिनं पेरलेल्या संशयानं ते काम केलं. पेरलं ते उगवलं.

चाहत्यांना हा शेवट पटला होता. त्यांना तो सोसला नव्हता. हा पहिला आवाज, आणि हा शोकाचा आवाज आहे. शोक करणारा माणूस म्हणतो, ‘असं व्हायला नको होतं.’ ‘असं होणं शक्यच नव्हतं’ असं तो म्हणत नाही. म्हणून तो लेखकाला शिव्या देत बसत नाही, पुढची गोष्ट लिहितो.

दुसरा आवाज ऐकायचा तर ‘लॉस्ट’कडे यावं लागेल. सप्टेंबर २००४ मध्ये सुरू, सहा सीझन, शेवटचा भाग २३ मे २०१०. विमान कोसळून एका बेटावर अडकलेली माणसं. शेवटच्या सीझनमध्ये एक समांतर कथा चालते आणि अखेरीस कळतं, की तो मरणोत्तर भेटीचा प्रदेश होता. पुष्कळ प्रेक्षकांनी याचा अर्थ असा घेतला, की ‘ही सगळी माणसं पहिल्यापासून मेलेलीच होती.’ आता हे चूक आहे. शेवटच्या भागात नायक जॅकचा बाप त्याला स्पष्ट सांगतो, की बेटावर जे घडलं ते खरंच घडलं. गोंधळात भर घातली ती एबीसी वाहिनीनं. श्रेयनामावलीबरोबर तिनं रिकाम्या किनाऱ्यावरच्या विमानाच्या अवशेषांची दृश्यं दाखवली. ती निर्मात्यांच्या कथेचा भागच नव्हती, हे पुढे वाहिनीनंच स्पष्ट केलं.

मग चाहते चुकले, विषय संपला? नाही. इथे सावध राहायला हवं. तक्रारीचे शब्द चुकीचे असले म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. डॉक्टरकडे जाऊन पेशंट म्हणतो, ‘माझं हृदय दुखतंय.’ निघते पित्ताची कळ. म्हणून डॉक्टर त्याला घरी पाठवतो का?

दुखणं कुठलं होतं ते बघा. या मालिकेनं प्रेक्षकाला सहा वर्षं कोडं सोडवायला शिकवलं. ४, ८, १५, १६, २३, ४२ हे आकडे. त्यांची बेरीज १०८, आणि दर १०८ मिनिटांनी दाबायचं एक बटण. एका दरवाजावर काही क्षण दिसणारा नकाशा, जो लोकांनी चित्र थांबवून उतरवून घेतला. २००६ मध्ये दोन सीझनच्या मधल्या काळात वाहिन्यांनी स्वतःच एक शोधाचा खेळ चालवला आणि त्यात त्या आकड्यांचा अर्थ सांगितला. म्हणजे हे वेड लोकांनी घरून आणलेलं नव्हतं. ते त्यांना लावलं गेलं होतं. आणि शेवटी सांगितलं काय? कोडी सोडा, माणसं महत्त्वाची होती.

कोणी म्हणेल, माणसांचंही बीज होतंच की. होतं ना! पहिल्या भागात जॅकचा डोळा उघडतो आणि शेवटच्या चित्रात तो मिटतो. फार सुंदर आहे ते. पण बीजं दोन होती. एक माणसांचं, एक ‘आपण आहोत तरी कुठे?’ या प्रश्नाचं. पाणी दोघांना घातलं, फळ एकाचंच वाढलं. ऑगस्ट २०१० मध्ये डीव्हीडीबरोबर बारा मिनिटांचा एक छोटा भाग आला, त्यात काही कोड्यांची उत्तरं होती. बेटावर अन्न कुठून पडायचं वगैरे. तरी तक्रार राहिलीच. राहणारच, कारण उत्तरं चिठ्ठीवर लिहून दिल्यासारखी आली, गोष्टीतून उगवली नाहीत. लोकांना माहिती हवी होती असं आपण समजतो. त्यांना शब्द पाळलेला हवा होता.

हा दुसरा आवाज, हिशेब मागणारा. तो शोकापेक्षा कमी दर्जाचा नाही. पण त्याचा गैरवापर फार लवकर होतो. ‘लॉस्ट’चे एक प्रमुख लेखक डेमन लिंडेलॉफ यांनी २०१३ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनंतर, लेख लिहून जाहीर केलं, की या शेवटावरच्या नाराजीला उत्तर देणं मी आता थांबवतो. तीन वर्षं एका माणसाला रोज एकच प्रश्न विचारणं याला मी समीक्षा म्हणणार नाही. हिशेब कलाकृतीकडे मागायचा असतो. माणसाच्या मागे लागलो, की आपण प्रेक्षक राहत नाही, वसुलीवाले होतो.

आपल्याकडे नाटकाचा प्रेक्षक ‘रसिक मायबाप’ असतो. छान शब्द आहे, पण त्यात रसिकावर एक जबाबदारीही येते. त्याला आपली नाराजी ओळखता आली पाहिजे. तेव्हा पुढच्या वेळी एखादा शेवट खटकला, तर बोलण्याआधी पहिला भाग पुन्हा लावा. त्यानं तुम्हाला काय विचारायला शिकवलं होतं ते बघा. शेवट त्याच प्रश्नाचं उत्तर असेल आणि तरी छातीत कळ येत असेल, तर तो शोक आहे. तो करा, हवं तर पुढची गोष्ट लिहा. आणि मालिकेनं एक प्रश्न विचारायला शिकवून दुसऱ्याचंच उत्तर दिलं असेल, तर खुशाल हिशेब मागा. मुद्द्यानं मागा, पुराव्यानं मागा. मग तुम्हाला कोणी ‘नुसते फॅन’ म्हणून उडवून लावू शकणार नाही.

थांबतो इथे. आता तुमचे प्रश्न घेऊ.