मनोरा गावात, माईक दूर

२८ एप्रिल २०२३ रोजी देशातल्या ८४ जिल्ह्यांत आकाशवाणीचे ९१ एफएम ट्रान्समीटर एकाच दिवशी सुरू झाले. प्रत्येकाची शक्ती १०० वॅट. त्यांतले सात महाराष्ट्राच्या वाट्याला आले: सिरोंचा, अहेरी, हिंगणघाट, अचलपूर, वाशीम, नंदुरबार आणि सटाणा. ही नावं वाचताना मला मनापासून आनंद झाला. गडचिरोलीच्या अगदी दक्षिण टोकाला, प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाजवळ वसलेल्या सिरोंच्यात एफएमचा स्वच्छ आवाज पोहोचावा, याला एकविसाव्या शतकाची तेवीस वर्षं लागली होती.

पण तो आनंद फार टिकला नाही. ही सगळी सहक्षेपण केंद्रं आहेत. दुसऱ्या गावी तयार झालेला कार्यक्रम उचलायचा आणि आपल्या कंप्रतेवरून पुन्हा सोडायचा, एवढंच त्या यंत्राचं काम. तिथे स्टुडिओ नाही, निवेदक नाही, हातात पत्र घेऊन कुणी आत जावं असं दार नाही. सिरोंचा-अहेरीच्या परिसरात गोंडी, माडिया, तेलुगू बोलली जाते. अचलपूरच्या वर मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली आणि पावरी, सटाण्यात अहिराणी. यांतली एकही बोली त्या त्या गावच्या मनोऱ्यापाशी उभं राहून कुणाला बोलता येत नाही. गावाला रेडिओ ऐकता येतो, रेडिओला गाव ऐकू येत नाही.

मनोरे उभारण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की थांबतात. त्यामुळे मोठ्या केंद्राच्या टापूबाहेरच्या गावांना छोटे जोडमनोरे लागतातच. मध्यमलहरींचं तसं नव्हतं. पुणे केंद्राचा ७९२ किलोहर्ट्‌झवरचा १०० किलोवॅटचा ट्रान्समीटर जमिनीला धरून दूरच्या तालुक्यांत जाई. आता घराघरांत चार्जर आणि एलईडी दिव्यांची खरखर आहे आणि हातातल्या मोबाइलवर मध्यमलहरी लागतच नाहीत. राष्ट्रीय वाहिनीचं उदाहरण घ्या. १९८८ साली ती नागपूरजवळच्या १००० किलोवॅटच्या अवाढव्य ट्रान्समीटरवरून सुरू झाली, रात्रभर देशभर ऐकू येत असे, आणि २०१९ उजाडता उजाडता बंद झाली. सिरोंच्याच्या मनोऱ्याची शक्ती तिच्या दहा हजारांश आहे. प्रसारणाचा सगळा विचारच बदलल्याची ही खूण आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या हा बदल योग्य आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या यंत्रणेसाठी २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. एफएमची व्याप्ती क्षेत्रफळाच्या ५९ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर आणि लोकसंख्येच्या ६८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेणं, हे तिचं एक उद्दिष्ट.

माझी तक्रार आहे ती मोजपट्टीबद्दल. टक्के मोजतात आवाज कुठवर गेला ते. तिकडून काय परत आलं, याचा रकाना त्यात नाही.

हा रकाना आपल्याकडे कधीकाळी होता. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या सहकार्यानं एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं उभी राहिली. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस. गावकरी संचाभोवती जमायचे, ऐकायचे, ऐकून झाल्यावर तिथेच बसून चर्चा करायचे. त्यांचे प्रश्न, शंका आणि ठराव पुण्याला जायचे आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांचा परामर्श घेतला जायचा. टाटा समाजविज्ञान संस्थेनं या प्रयोगाची पाहणी केली. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानं त्यावर केलेला अभ्यास जगभर वाचला गेला. पुढे १९५९ पासून ही श्रोतामंडळं देशभर काढली गेली. कोल्हापूर जिल्ह्यातलं एखादं गाव पुण्याच्या माईकपासून दोन-अडीचशे किलोमीटर लांब होतं. तरी तो रेडिओ त्या गावाचा होता, कारण गावाचं म्हणणं त्यात ऐकू यायचं. आज सटाण्याचा मनोरा सटाण्यातच आहे.

केंद्र या शब्दाचा अर्थही या निमित्तानं आठवून पाहावा. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं आणि १ एप्रिल १९५५ पासून त्याच केंद्रावरून ‘गीतरामायण’ वर्षभर चाललं. सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, छप्पन्न गीतं. केंद्र दीड वर्षाचं होतं! अशी निर्मिती होते ती कवी, संगीतकार, वादक, निर्माते एका इमारतीत रोज भेटतात म्हणून. ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेतले बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी हे आवाज मुंबई केंद्रानं घडवले, तेही असंच. सहक्षेपणाच्या खोलीत कुलूप, यंत्र आणि अधूनमधून येणारा अभियंता असतो.

या दोन टोकांच्या मधोमध जिल्ह्यांतली स्थानिक केंद्रं आहेत. देशातलं पहिलं स्थानिक केंद्र १९८४ साली नागरकोईलला निघालं आणि पुढे ती कल्पना आपल्याकडच्या जिल्ह्यांपर्यंतही आली. त्यांची म्हणून एक कला आहे आणि तिच्याबद्दल फारच कमी लिहिलं गेलंय. फर्माइशीच्या पत्रातली वाड्या-वस्त्यांची नावं अचूक उच्चारणं हा तिचा पहिला धडा. पुण्या-मुंबईचा निवेदक जिथे अडखळेल, तिथे स्थानिक निवेदकाला नुसतं गावच नाही, त्याचा शेजारचा ओढाही माहीत असतो. बाजारभाव वाचताना कोणत्या आकड्यावर किंचित थांबायचं हे त्याला कळतं, कारण ऐकणाऱ्याचा कांदा त्या क्षणी कुठे पडून आहे हे त्याला ठाऊक असतं. ‘माझं घर माझं शेत’ या शेतीविषयक कार्यक्रमात कृषी सहायकाला पुस्तकी भाषेतून हलकेच बाहेर काढणं, भजनी मंडळाच्या बुजऱ्या गायकाला माईकपासून किती अंतरावर बसवायचं ते दाखवणं, हेही त्यातच आलं. ही कला अभ्यासक्रमात नाही. ती ज्येष्ठाच्या शेजारी बसून शिकायची असते.

आणि नेमकी तीच साखळी तुटत चालली आहे. कायम पदं रिकामी होत गेली, नैमित्तिक उद्घोषकांवर महिन्यातल्या मोजक्या पाळ्यांच्या हिशेबानं काम निभावलं जातं आणि उरलेले तास विविध भारतीच्या सहक्षेपणानं भरले जातात. विविध भारतीवर माझं प्रेम आहे. १९५७ पासून तिनं या देशाला जे दिलं त्याची परतफेड होणार नाही. पण जिल्ह्याच्या केंद्रानं दिवसातला मोठा भाग तिच्या स्वाधीन करणं म्हणजे तिचा मान राखणं नाही. केंद्र चालू दिसतं, दिवा लागलेला असतो, आणि आत कुणी बोलत नसतं.

खासगी वाहिन्यांकडून माझी याबाबत फारशी अपेक्षा नाही, म्हणून थोडक्यात. त्यांचा बाज जाहिरातीच्या मागे फिरतो. मुंबईत २००२ साली आलेली गो ९२.५ इंग्रजी होती, पुढे रेडिओ वन होऊन हिंदीकडे वळली. खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणानं एकाच कंपनीच्या वाहिन्यांना एकच कार्यक्रम अनेक शहरांत वाजवायची मुभा दिली. स्वतःच्या बातम्या द्यायला त्यांना आजही परवानगी नाही. गावात काय घडलं हे सांगायची मनाई आणि गावाबाहेरचं वाजवायची सोय, अशा कायद्यातून दुसरं काय निपजणार?

आता तुलना करा सामुदायिक रेडिओशी. २००६ च्या धोरणानं स्वयंसेवी संस्थांना परवाने मिळू लागले. त्यांनाही साधारणपणे मर्यादा १०० वॅटचीच, म्हणजे सिरोंच्याच्या मनोऱ्याइतकीच. पण त्यांच्यावर अट आहे: किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी या अटीतून काय होऊ शकतं याचं उदाहरण आहे. दुष्काळी माण तालुक्यातल्या बायका तिथे माईकसमोर बसतात आणि माणदेशी बोलीतच बोलतात. तेवढाच खर्च विजेचा, तेवढाच पल्ला, आणि निष्पत्तीत जमीन-अस्मानाचा फरक. सरकारला ही अट गरीब संस्थेवर घालता येते, तर ती स्वतःच्या मनोऱ्यांना का लागू करता येत नाही, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला कुठे मिळालेलं नाही.

दबाव आणला की निर्णय बदलतात, हेही आपण पाहिलं आहे. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपवायचा आदेश निघाला. पुण्यातून विरोधाचा आवाज उठला आणि आदेशाला स्थगिती मिळाली. पुण्याकडे वृत्तपत्रं होती, लोकप्रतिनिधी होते, जुने श्रोते होते. अहेरीत जे कधी सुरूच झालं नाही, ते बंद पडल्याची तक्रार कोण करणार?

मागणं मोठं नाही. सातही ठिकाणी मनोऱ्याच्या खोलीशेजारी आणखी एक खोली, दोन माईक, एक ध्वनिमुद्रण संच आणि मानधनावर त्याच गावातले दोन-तीन तरुण. दिवसाचे तेवीस तास सहक्षेपण खुशाल चालू द्या. संध्याकाळचा एक तास गावाचा ठेवा. त्यात कोरकूत पावसाचा अंदाज सांगा, अहिराणीत कांद्याचे भाव सांगा, गोंडीत दवाखान्याची वेळ सांगा. जवळच्या मोठ्या केंद्रांतल्या निवृत्त निवेदकांना आठवडाभर तिथे पाठवा, शिकवायला. त्यांतले कितीतरी जण आनंदानं जातील. आणि या सात गावांतल्या वाचकांनो, तुमच्या आमदार-खासदारांना, आकाशवाणीला पत्र लिहून हा एक तास मागा. पत्रात आपल्या वस्तीचं नाव ठळक अक्षरांत लिहा.