वेताळाचे नाव आणि कवटीचे सिंहासन : अभिजात चित्रकथामालिकांच्या वाचनमूल्याचा प्रश्न

बदलापूर येथे श्याम जोशी यांनी उभारलेल्या ‘ग्रंथसखा’ वाचनालयामुळे जुनी मराठी पुस्तके आणि नियतकालिके यांच्या जतनाचा प्रश्न मुंबई-पुण्याबाहेर, कल्याण-कर्जत लोहमार्गावरील एका गावात गांभीर्याने उभा राहिला. संग्राहकाच्या दृष्टीने कोणताही छापील कागद टाकाऊ नसतो आणि ते त्याच्या धर्माला धरूनच आहे. समीक्षेचे काम मात्र याच्या पुढे सुरू होते. जे जतन झाले त्यातील काय पुन्हा वाचावे, आणि का, हे तिला सांगावे लागते. ज्या मुद्रित साहित्याबाबत मराठी समीक्षेने हे काम बहुतांशी टाळले, त्यात ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा समावेश करावा लागेल. रेल्वे स्थानकांवरील पुस्तकांच्या दुकानांतून घेतलेल्या, हातोहात फिरून फाटलेल्या या पुस्तिका एक तर रद्दीत गेल्या, नाही तर संग्राहकांच्या कपाटांत मोलाच्या वस्तू होऊन बसल्या. या दोन्ही अवस्थांत त्यांचे वाचन होत नाही.

बेनेट कोलमन या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली ही माला १९९० पर्यंत चालली. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि अन्य भारतीय भाषांतही ती निघत असे. आठशेंहून अधिक अंकांपैकी निम्म्याच्या आसपास अंक ली फॉक यांच्या ‘फँटम’चे, म्हणजे मराठी वाचकाच्या ‘वेताळा’चे होते. उरलेल्यांत जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि १९७६ पासून आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ हे प्रमुख. यांतील कोणती मालिका आज वाचनीय ठरते, याचे उत्तर सामान्यतः तीन निकषांवर दिले जाते : स्मरणरंजन, दुर्मीळता आणि चित्रकौशल्य. पहिला निकष वाचकाच्या बालपणाविषयी बोलतो, दुसरा बाजाराविषयी. तिसरा निकष संहितेपर्यंत पोचतो खरा. परंतु चित्र आणि कथन यांच्या संबंधाऐवजी केवळ रेषेपाशी थांबतो. महानायकाची कथा ही मूलतः सामर्थ्याची कथा असते. म्हणून तिच्या मूल्यमापनाचा निकषही सामर्थ्याशीच निगडित असावयास हवा. नायकाचे सामर्थ्य कशावर उभे आहे हे मालिका वाचकाला दिसू देते का, आणि ते दाखवताना ती वाचकाला कोणाच्या बाजूला बसवते, असा हा दुहेरी प्रश्न आहे.

या संदर्भात उम्बेर्तो एको यांनी १९६२ साली सुपरमॅनविषयी केलेली मांडणी उपयुक्त आहे. पुराणातील वीराची कथा घडून गेलेली असते. कादंबरीतील नायकाची कथा घडत असते आणि घडता घडता तो झिजत जातो. सुपरमॅनला पुराणपुरुषासारखे अचल राहावयाचे असते आणि कादंबरीच्या नायकासारखे दर आठवड्याला नवे काही करावयाचेही असते. हा पेच सोडविण्यासाठी त्याच्या कथेत काळच विरघळवून टाकलेला असतो, असे एको दाखवून देतात. १९३८ मध्ये अवतरलेल्या सुपरमॅनच्या दोन वर्षे आधी, १९३६ मध्ये सुरू झालेल्या फँटमने याच पेचातून वेगळी वाट काढली होती. येथे नायक मरतो. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागलेल्या तरुणाने पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली. तेव्हापासून एकेक पिढी तोच मुखवटा धारण करीत आली, आणि वाचकासमोरचा नायक एकविसावा आहे. व्यक्ती संपते, पद उरते. जंगलातील लोक ज्याला अमर समजतात तो अमर नाही, हे वाचकाला प्रथमपासून ठाऊक असते. आपल्या दंतकथेची यंत्रणा इतक्या उघडपणे वाचकापुढे मांडणारी दुसरी मालिका या मालेत नाही.

मराठी रूपांतरात या नायकाला मिळालेले ‘वेताळ’ हे नाव म्हणूनच विलक्षण अर्थपूर्ण ठरते. वेताळपंचविशीतील वेताळ प्रेतात वस्ती करणारा आहे. एकाच आत्म्याने अनेक देहांत राहावे ही कल्पना त्या नावातच आहे. मूळ इंग्रजीत फँटमची ओळख ‘चालणारे भूत’ अशी सांगितली जाते. सिंधुदुर्गातील आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करीत फिरतो, चालून चालून त्याची पादत्राणे झिजतात, या श्रद्धेने भाविक त्याला चपलांचे जोड वाहतात. परक्या चित्रकथेला नाव देताना भूतांचा अधिपती आणि गावाचा राखणदार हे दोन्ही संकेत एका शब्दात आले. वरवर पाहता हे देशीकरणाचे निर्दोष उदाहरण वाटावे.

परंतु नावाचे देशीकरण आणि नात्याचे देशीकरण या दोन गोष्टी आहेत. कोकणातील ग्रामदैवत नवसाने आणि कौलाने गावाशी बांधलेले असते. त्याला विचारता येते, त्याने उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते, आणि त्याच्या चपला सर्वांसमोर झिजलेल्या असतात. कवटीच्या सिंहासनावरील वेताळाची सत्ता याच्या नेमकी उलट, लपवणुकीवर उभी आहे. गुहेतील पूर्वजांच्या शवपेटिका, हस्तलिखित इतिवृत्ते, पित्याकडून पुत्राकडे जाणारा मुखवटा यांचे रहस्य गुरान आणि बांदार टोळीपुरते मर्यादित असते. इतर टोळ्यांना फक्त भय आणि आदर ठाऊक असतो. रहस्य जाणणारा वाचक आपोआप राज्यकर्त्याच्या शेजारी बसतो.

हे बसणे किती सोयीचे करण्यात आले, हे इंद्रजालमधील नावांच्या फेरबदलांवरून कळते. फॉक यांच्या आरंभीच्या कथांत या जंगलाचा देश ‘बेंगाली’ होता आणि चाच्यांची टोळी ‘सिंग’ नावाची. विसाव्या फँटमच्या मारेकऱ्याचे नाव ‘रामा’ होते. मूळ भूगोल पूर्वेकडचा, भारताच्या आसपासचा होता; पुढे तो आफ्रिकेकडे सरकत गेला. भारतीय आवृत्तीत ‘बेंगाली’चे ‘डेंकाली’ झाले, ‘सिंग’चे ‘सिंगा’ आणि ‘रामा’चा ‘रामालू’. वाचकांच्या भावना दुखावू नयेत हा यामागील हेतू समजण्याजोगा आहे; पण त्याचा परिणाम हेतूपेक्षा दूरगामी आहे. मूळ नकाशानुसार भारतीय वाचक शासितांच्या, किंबहुना चाच्यांच्या गटात पडत होता. तीन नावे बदलताच तो त्या नकाशावरून पुसला गेला आणि गोऱ्या राज्यकर्त्याच्या दृष्टीने कृष्णवर्णीय जंगलाकडे पाहण्यास मोकळा झाला. देशी नावाने परक्या सिंहासनावरची जागा अधिक घरगुती केली, एवढेच.

मग ही मालिका वाचावी कशासाठी? आरिएल दोर्फमान आणि आर्मां मातलार यांनी १९७१ मध्ये चिलीत डोनाल्ड डकच्या चित्रकथांचे जे वाचन केले, त्याच्या आधारे कोणी तिला साम्राज्यवादी प्रचार म्हणून बाजूला सारील. हा आक्षेप खरा आहे, पण पुरेसा नाही. वसाहतवादी सत्ता दंतकथेवर चालते, त्या दंतकथेची निगा राखावी लागते आणि तिचा वाहक मर्त्य असतो, हे वेताळाच्या कथांतूनच कळते. उत्तरकाळातील, विशेषतः सी बॅरी यांनी चित्रित केलेल्या कथांत डॉक्टर लामांडा लुआगा हा लोकनियुक्त कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष येतो. तरीही जंगलातील गस्तीदल एका अज्ञात सेनापतीच्या चिठ्ठ्यांवर चालत राहते, आणि तो सेनापती मुखवट्यातला वेताळच असतो. स्वातंत्र्य आले, पण हुकूम कोठून येतो हे कोणाला विचारता येत नाही. ही विसंगती फॉक यांना अभिप्रेत होती की नाही हा प्रश्न गौण आहे. ती संहितेत आहे. म्हणून उगमाच्या, वारसाहक्काच्या आणि लुआगाच्या कथा अवश्य वाचाव्यात. खजिना आणि अपहरण यांच्या साचेबंद कथा सोडून दिल्याने फारसे काही गमावले जात नाही.

इतर मालिकांचा निवाडा याच निकषावर थोडक्यात करता येतो. मँड्रेकचे संमोहन चित्रकथेच्या माध्यमालाच प्रश्न विचारते : चौकटीत जे दिसते ते घडले की भासले? हे तिचे बलस्थान होय. लोथर हा आफ्रिकी राजपुत्र आरंभी चित्त्याचे कातडे नेसून मोडके बोलणारा सेवक होता. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रकार झाल्यानंतर त्याचा वेष आणि भाषा दोन्ही सुधारली. हा बदल दिसावा म्हणून दोन्ही काळांतील कथा शेजारी ठेवून वाचणे इष्ट. फ्लॅश गॉर्डनची कीर्ती अॅलेक्स रेमंड यांच्या रेखाटनावर उभी आहे. पण त्यांनी १९४४ मध्येच ही मालिका सोडली. मालिकेचे नाव तेच राहिले म्हणून गुणवत्ताही तीच राहिली असे मानणे चूक आहे. शिवाय, क्रूर मिंगच्या रूपातील आशियाविषयीचा आकस रेषेच्या सौंदर्याने झाकला जात नाही. ही मालिका पाहावी. वाचण्याची निकड नाही.

सुरती आणि चित्रकार गोविंद ब्राह्मणिया यांचा ‘बहादूर’ मात्र गंभीर विचार मागतो. दरोडेखोराचा हा मुलगा पोलीस अधिकाऱ्याच्या छायेत वाढतो. त्याला मुखवटा नाही, गुहा नाही, अमरत्वाची अफवा नाही. तो नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो. सामर्थ्य वाटून घेता येते हा विचार या मालेत त्याच्याच कथांतून आला. तथापि त्याच्या पदार्पणाचे वर्ष आणीबाणीचे आहे, हे विसरता येत नाही. नागरिकांनी पोलिसांना साहाय्य करावे हे कथा आग्रहाने सांगते. दरोडेखोर का निर्माण होतात, याकडे मात्र वळत नाही. वेताळाची कथा सत्तेचे रहस्य दाखवून लोकांना वगळते. बहादूरची कथा लोकांना सामावून घेऊन सत्तेविषयीचा प्रश्न वगळते. म्हणून या दोन मालिका एकत्र वाचाव्यात. एकीची उणीव दुसरीमुळे स्पष्ट होते.

या निवडीचा अर्थ उरलेल्या अंकांचे जतन करू नये असा नव्हे. नावे कोठे बदलली, कोणती चौकट गाळली गेली, दैनिकातील पट्टी पुस्तिकेच्या पानात बसवताना काय कापले गेले, हे समजण्यासाठी टाकाऊ कथांचे अंकही हाताशी लागतात. मराठी रूपांतराची भाषा हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे : जंगलातील टोळ्यांच्या तोंडी कोणते मराठी घातले गेले आणि वेताळाच्या तोंडी कोणते, एवढे पाहिले तरी मराठी वाचकाला त्या सिंहासनाशेजारी कसे बसवले गेले याचा पुरावा मिळेल. तो अभ्यास होण्यासाठी पुस्तिका संग्राहकाच्या बंद कपाटात असून चालणार नाही. त्या वाचनालयाच्या मेजावर याव्या लागतील.