यमुनेचा शेवट कुणाला पटतो?

(घणसोली गावातील व्याख्यानाचा शब्दांकित अंश)

मंडळी, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही 1857 सालची, मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी. आपल्या वाचनबैठकीत आपण ती महिनाभर वाचली आणि मग जे भांडण झालं, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. विनायक आणि यमुना हे तरुण जोडपं प्रवासाला निघतं. वाटेत ठिकठिकाणच्या विधवांची दुःखं त्यांना दिसतात. पुढे विनायक जातो, यमुनाच विधवा होते, आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते.

आपल्यातल्या बऱ्याच जणांचा आक्षेप एकच होता: ‘हा तर धर्मप्रचार झाला!’ आक्षेप खोटा नाही. पदमनजींनी स्वतः 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतला होता, आणि पुस्तकात पात्रं कधी कधी बोलायची थांबतात नि प्रवचन सुरू होतं. तिथे आपण सगळेच कंटाळलो, हे कबूल करू.

पण शेवट ओढूनताणून आणलाय, हे मात्र आम्हाला पटत नाही. विधवाविवाहाचा कायदा झाला 1856 साली. म्हणजे कागदावर परवानगी मिळाली; पण लग्नानंतर यमुनेनं राहायचं कुठे? तिच्या घरी पाणी कोण पिणार? नुसता नवरा मिळून भागत नाही, माणसाला समाज लागतो. लेखकाला ठाऊक असलेला असा समाज एकच होता. तिथे त्यानं तिला नेलं. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये हाच प्रश्न घेतला, आणि त्यांच्या यमूला अशी वाट सापडलीच नाही.

खरी अडचण दाखवली ती मागे बसलेल्या एका आजींनी. त्या म्हणाल्या, ‘आमच्यात पाट लागायचा की! मग ही बाई कुणाची?’ सगळी बैठक गप्प. बरोबरच होतं. केशवपनाची धास्ती ही मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांच्या रीती पाळणाऱ्या घरांतली. आगरी समाजात पुनर्विवाहाला मोकळीक होती. ज्या पुस्तकाला आपण ‘विधवांची कादंबरी’ म्हणत आलो, तिच्यात आपल्या आजीला जागा थोडीच आहे.

मात्र त्याच आजी जरा वेळानं म्हणाल्या, ‘पण पाट रात्री लागायचा. वाजतगाजत नाही.’

आम्हाला वाटतं, कादंबरीवरची सर्वांत नेमकी टीका याच दोन वाक्यांत आहे. पहिलं वाक्य पुस्तकाची मर्यादा दाखवतं, दुसरं त्याची गरज. मोकळीक होती, मान नव्हता. यमुनेला लेखकानं नवऱ्याबरोबर मानही दिला, दिवसाउजेडी. त्यासाठी तिला धर्म बदलावा लागला, याचा राग पुस्तकावर काढायचा की तिला दुसरं दार न उघडणाऱ्यांवर, हे ज्यानं त्यानं घरी जाऊन ठरवावं.

आता प्रश्न विचारा.