रेडिओ कोणी बंद केला?

आता बघा, १० मार्च २००३, लंडन. इराकवरचा हल्ला दहा दिवसांवर आलेला. ‘डिक्सी चिक्स’ची गायिका नॅटली मेन्स मंचावरून म्हणाली की राष्ट्राध्यक्ष बुश टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. झालं! मायदेशी त्यांच्या सीडी ट्रॅक्टरखाली चिरडल्या गेल्या.

राग आलेल्या श्रोत्यानं आपला रेडिओ बंद करावा. तो त्याचा हक्क आम्ही मानतो. पण क्युम्युलस कंपनीनं आपल्या कंट्री संगीताच्या केंद्रांवरून त्यांची गाणीच काढली. म्हणजे श्रोत्याचा निर्णय मालकानं घेतला. याला बहिष्कार कसा म्हणायचा? आणि गंमत (कसली गंमत म्हणा!) अशी, की तेव्हा यादीत पहिलं असलेलं त्यांचं गाणं व्हिएतनाममध्ये मेलेल्या एका तरुण सैनिकाविषयी होतं. तेही घसरलं.