वावरात शिरलेला कॅमेरा

ऑगस्ट २०२४ मध्ये सत्तरावे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा नॉन-फीचर विभागात मराठी नावं ठळक दिसत होती. सोहिल वैद्य यांचा ‘मर्मर्स ऑफ द जंगल’, सचिन सूर्यवंशी यांचा ‘वारसा’ आणि अशोक राणे यांचा ‘आणखी एक मोहेंजोदडो’. एक जंगलावर, एक मर्दानी खेळांवर, एक मुंबईच्या गिरणगावावर. आता बार्शीटाकळीतल्या एखाद्या मास्तराला वाटलं, की आपल्या दहावीच्या पोरांना यातला एखादा दाखवावा, तर त्यानं करावं काय? अकोल्याच्या थेटरात असले चित्रपट लागत नाहीत. टीव्हीवर कधी लागला तर लागून गेल्यावर कळतं. मोबाइलवर शोधावं तर ट्रेलर, दिग्दर्शकाची मुलाखत आणि सत्काराचे फोटो. मराठी माहितीपटांबद्दल वाचायला बरंच मिळतं, बघायला माहितीपट तेवढा मिळत नाही.

हे दुखणं साऱ्या महाराष्ट्राचं आहे. वऱ्हाडाचं आणखी एक निराळं आहे. आमच्याकडे कॅमेरा येतो, चांगला येतो, सातासमुद्रापलीकडूनही येतो, पण तो मयतीलाच येतो. पोळ्याला, भुलाबाईला, लग्नाच्या पंगतीला तो फिरकत नाही. गेल्या वीसेक वर्षांत वऱ्हाडातले जे माहितीपट जगभर गाजले ते कापूस, कर्ज आणि फास यांच्या पलीकडे फारसे गेले नाहीत. विषय खोटा नाही, आम्ही तो भोगलेला आहे. पण एखाद्या मुलखाचं एकच चित्र पुन्हा पुन्हा काढलं गेलं की त्या मुलखातल्या पोरांनाही आपण तसेच आहोत असं वाटायला लागतं, आणि त्यांच्या हातात कॅमेरा आला की तीही तेच काढतात.

खरं तर या कलेची आपल्याकडची सुरुवात किती मोकळी होती! सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली आणि पुढे केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं स्वागत. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याचा वेल होईपर्यंतचे दिवस थोडेथोडे टिपून ‘अंकुराची वाढ’ केला. भांडवल देणाऱ्या माणसाची खात्री पटावी म्हणून केलेलं ते काम. कुस्ती, मिरवणूक आणि उगवणारं बी. यात उपदेश कुठेच नाही, नुसतं बघण्याचं नवल आहे. हे नवल नंतर आपण कुठे सांडलं, हा प्रश्न मराठी लघुपट बघताना मला नेहमी पडतो.

काही सरकारी खात्यात सांडलं. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन निघाली आणि मुख्य चित्रपटाआधी तिची ‘भेंट’ दाखवणं थेटरांना सक्तीचं झालं. लोकांच्या लेखी ती वेळ बिडी संपवायची आणि जागा धरायची. पूर, धरण, मंत्र्यांचा दौरा, आणि वरून तो जड आवाज. पण आठ हजारांवर चित्रपटांच्या त्या ढिगात प्रमोद पती यांच्यासारखा प्रयोगखोर माणूस होता, एस. सुखदेव होते, आणि जब्बार पटेल यांनी कुमार गंधर्वांवर केलेला ‘हंस अकेला’ही आहे. सक्तीनं का होईना, माहितीपट तालुक्याच्या थेटरापर्यंत पोचत होता. सक्ती गेली, मग खेडोपाडीची थेटरं गेली, आणि २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन एनएफडीसीत मिसळली. तालुक्याच्या पडद्यावर त्या जागी दुसरं काही आलं नाही.

ज्यांनी स्वतःच्या हिमतीवर रस्ता काढला त्यांत पुण्याच्या सुमित्रा भावे यांचं नाव मी आधी घेईन. ‘बाई’ (१९८५) आणि ‘पाणी’ (१९८७) हे त्यांचे सुरुवातीचे लघुपट. समाजशास्त्राची अभ्यासक असलेली ही बाई संशोधनाचा अहवाल लिहून थांबली नाही. ज्यांच्याबद्दल अहवाल आहे त्या बायका तो वाचणार नाहीत, म्हणून तिनं चित्रपट केला. प्रेक्षक कोण हे आधी ठरवून केलेलं काम किती साधं आणि नेमकं होतं, ते या दोन छोट्या चित्रपटांत दिसतं. आनंद पटवर्धनांची तऱ्हा वेगळी. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली, आणि त्या धक्क्यानं शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. तिथून सुरू झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये पुरा झाला. चौदा वर्षं! तीन तासांहून मोठा हा चित्रपट म्हणजे मला महाराष्ट्राच्या शाहिरीचा सगळ्यात चांगला इतिहास वाटतो, कारण त्यात गाणी पुरावा म्हणून येतात, सजावट म्हणून नाही. त्याच वाटेवर सोमनाथ वाघमारे ‘चैत्यभूमी’पर्यंत आले आहेत. अतुल पेठे यांचा सफाई कामगारांवरचा ‘कचराकोंडी’, अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांना एका धाग्यात गुंफणारा ‘साचा’, सर्वनिक कौर यांचा दोन कोळी मित्रांवरचा ‘अगेन्स्ट द टाइड’ (२०२३ मध्ये सनडान्सला गौरवलेला) अशी बरीच नावं घेता येतील. मुंबईला बघणारे डोळे पुष्कळ आहेत, तिची काळजी नको.

कथात्मक लघुपटांत नागराज मंजुळे यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘पिस्तुल्या’ (२००९) सगळ्यांना ठाऊक आहे, मला ‘पावसाचा निबंध’ (२०१७) जास्त मोलाचा वाटतो. मास्तर शाळेत पावसावर निबंध लिहायला सांगतात. घरी पाऊस थेट आत येतोय, दारू पिऊन बाहेर पडलेल्या बापाला भर पावसात आणायचंय, आणि पोरगा निबंध कुठे बसून लिहिणार? दुसऱ्या दिवशी निबंध नाही म्हणून शिक्षा. मंजुळे पावसाला देखणा दाखवतात, तो देखणा आहेच. त्या देखणेपणाची किंमत कोण भरतो ते पोराच्या चेहऱ्यावर सोडून देतात. मास्तरला खलनायक करायचा मोह आवरला आहे, आणि याला मी कसब म्हणतो. शेखर बापू रणखांबे यांचा ‘रेखा’ही याच जातीचा. रस्त्याकडेला राहणाऱ्या बाईला एक अंघोळ हवी आहे, एवढीच गोष्ट. गोव्याचे आदित्य जांभळे यांचा ‘खरवस’, उमेश कुलकर्णी यांचा विद्यार्थिदशेतला ‘गिरणी’, ज्यात घरी आलेल्या पिठाच्या गिरणीच्या घरघरीत पोराचं बालपण दळलं जातं, ही सगळी मोजकं बोलणारी कामं.

पण असे थोडे. दरसाल स्पर्धांना जे लघुपट येतात त्यांचा साचा डोळे मिटून सांगता येतो. दारुडा बाप, हुशार मुलगी, संथ पियानो, शेवटच्या मिनिटात धक्का आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात संदेश. शिवाय बहुतेकांना लघुपट हा मोठ्या चित्रपटाच्या निर्मात्याला दाखवायचा नमुना वाटतो. गोष्ट दहा मिनिटांची आहे म्हणून दहा मिनिटांत सांगितली, असं क्वचित होतं.

आता वऱ्हाडाकडे येतो. दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) पत्रकार पी. साईनाथ यांच्यासोबत विदर्भात फिरतो. नीरोच्या बागेत उजेडासाठी कैदी जाळले जात होते तेव्हा मेजवानीला बसलेले पाहुणे कोण होते, हा टॅसिटसच्या हकिगतीतून काढलेला साईनाथांचा सवाल अजूनही झोंबतो. पण मला त्यातली लक्षात राहणारी जागा दुसरीच आहे. अकोला जिल्ह्यातलाच एक शेतकरी-कवी त्यात येतो, आत्महत्या केलेला. त्याच्या ओळी ऐकू येतात आणि क्षणभर आकडेवारी मागे हटते, लिहिणारा, चिडणारा, शब्द शोधणारा कास्तकार समोर उभा राहतो. तेवढ्यात साईनाथांचं भाषण पुन्हा सुरू होतं. भाषण उत्तम आहे, पण चित्रपट भाषण करणाऱ्याचा होऊन जातो.

मिका पेलेड यांचा ‘बिटर सीड्स’ (२०११) यवतमाळ जिल्ह्यातल्या तेलंगटाकळीत घडतो. आमच्या बार्शीटाकळीच्या नावातलीच टाकळी. टाकळ्यांना वऱ्हाडात तोटा नाही. बीटी बियाण्याचा विषय, अमेरिकेत राहणारा दिग्दर्शक, ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात बक्षीस. तरी हा मला त्या रांगेतला सरस वाटतो, कारण त्याला एक मुलगी सापडली आहे. तिच्या बापानं जीव दिलेला, आणि तिला व्हायचंय पत्रकार. ती वही-पेन घेऊन आपल्याच गावात प्रश्न विचारत फिरते, अडखळते, पुन्हा विचारते. त्याच साली आलेला नंदन सक्सेना आणि कविता बहल यांचा ‘कॉटन फॉर माय श्राउड’ शोधपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेला. त्याचा राग खरा आहे, पण तो निवेदनात जास्त आणि चित्रात कमी.

या सगळ्या प्रकारात काही ठरलेली दृश्यं असतात: हार घातलेला फोटो, कोरडी विहीर, भिंतीला टेकलेली विधवा आणि भेगाळलेली जमीन. भेगांचं तर मला हसूच येतं. आमची काळी जमीन दर उन्हाळ्यात भेगाळते, पाऊस चांगला झालेल्या सालीही. त्या भेगांतून पहिलं पाणी खोल मुरतं. उन्हाळ्यात वावर उकललं नाही तर कास्तकाराला उलट चुकचुकल्यासारखं होतं. बाहेरचा कॅमेरावाला मात्र एप्रिलमध्ये येतो, भेग बघतो, खाली बसून जवळून घेतो आणि वर करुण बासरी टाकतो. बघणं आणि ओळखणं यात फरक पडतो तो असा. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) पूर्ण लांबीचा कथापट, त्यामुळे या लेखाच्या चौकटीबाहेरचा, पण नवरा जीव देईल या धास्तीनं बायको पोराला त्याच्या मागावर ठेवते आणि त्यातून भीतीसोबत हसूही फुटतं, ही गोष्ट माहितीपटवाल्यांना सुचली नाही. वऱ्हाडी माणूस अडचणीत जास्त तिरकं बोलतो, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं इथलं दुःखही अर्धंच टिपलेलं असतं.

उलट टोकाला यूट्यूबवरचे वऱ्हाडी विनोदी व्हिडिओ आहेत. नवरा-बायकोची भांडणं, सासुरवाडी, ग्रामपंचायतीची निवडणूक. शिष्ट लोक नाक मुरडतात. मी तितका मुरडत नाही. मराठी पडद्यावर आमची बोली कायम गड्याच्या तोंडी, हशा पिकवायला. इथे सगळेच ती बोलतात, सरपंचही आणि डॉक्टरही. मात्र कॅमेरा एका जागी ठोकलेला, आणि जे दिसू शकलं असतं तेही बोलून टाकलेलं.

पोचण्याचा प्रश्न कुणी सोडवला असेल तर तो, गंमत म्हणजे, पाणी फाउंडेशननं. २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत अमरावती जिल्ह्यातला वरुड तालुका होता. समतल चर कसे खणायचे, उतार कसा मोजायचा हे शिकवणाऱ्या त्यांच्या फिती गावागावांत लोकांनी मन लावून पाहिल्या. जलसंधारणाच्या त्या मॉडेलवर वाद आहेत, आणि कला म्हणून त्या फितींकडे बघायचं कारण नाही. पण ‘गावातले लोक माहितीपट बघत नाहीत’ हा महोत्सववाल्यांचा लाडका समज तिथे खोटा पडला. कामाची गोष्ट, कळेल अशा बोलीत, गावातच दाखवली, तर लोक बघतात. हेच शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’मध्ये (२०१६) पदोपदी दिसतं. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणारे तंबू-थेटरवाले, रिळाच्या पेट्यांची पूजा, जुन्या प्रोजेक्टरला तेलपाणी करणारा कारागीर, मग डिजिटल यंत्र येतं आणि ऐन खेळाच्या वेळी रुसून बसतं. कान महोत्सवापर्यंत गेलेला हा चित्रपट ज्या जत्रांत घडला तिथेच तंबू ठोकून दाखवायला हवा होता.

विषयांचा इथे तुटवडा नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा खारपाणपट्टा घ्या: विहिरीला पाणी आहे पण पिता येत नाही, आणि त्या पाण्यावर पिढ्या काढलेली गावं आहेत. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे पूर्वी जाणारी ‘शकुंतला’ घ्या: कापसासाठी विलायती कंपनीनं टाकलेला, राष्ट्रीयीकरणातूनही सुटलेला अरुंद रूळ. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघणारी कावड घ्या. बार्शीटाकळीत कालंका देवीचं हेमाडपंती देऊळ आहे, शके १०९८ चा शिलालेख असलेलं. त्याचे ड्रोननं घेतलेले व्हिडिओ मी पाहिलेत: देऊळ गोल फिरतं, ढग पळतात, आणि एक दगड धड दिसत नाही.

ड्रोन आला म्हणजे कॅमेरेही आलेच. तालुक्यातल्या लग्नाच्या स्टुडिओंत आज जी यंत्रं आहेत ती पटवर्धनांना १९८५ मध्ये ‘हमारा शहर’ करताना मिळाली नसती. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी यंत्रमागावरच्या कामगाराला सुपरमॅन केला, त्याची हकिगत फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’मध्ये (२००८) आहे. नासिर यांच्याकडे याच्या निम्मंही सामान नव्हतं. आमच्या स्टुडिओवाल्यांचा धंदा आषाढी एकादशीला थांबतो आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो. मधले चार महिने कॅमेरे पेटीत पडून असतात. ते चार महिने म्हणजे पऱ्हाटी वीतभर असल्यापासून, डवरणी, फवारणी, बोंडअळी, पोळा आणि सीतादही करून पहिली वेचणी सुरू होईपर्यंतचा सगळा हंगाम.