'कालचक्र' : दत्तक जाण्याची जाहिरात

जयवंत दळवींच्या 'कालचक्र' या नाटकाची कल्पना एका ओळीत सांगता येते आणि ऐकणारा आधी हसतो. मुलांच्या घरात अडगळ झालेलं एक म्हातारं जोडपं वर्तमानपत्रात जाहिरात देतं, की आम्हाला दत्तक जायचं आहे. एक तरुण जोडपं पुढे येतं आणि त्यांना आई-वडील म्हणून घरी नेतं. हे नाटक वृद्धांच्या प्रश्नावरचं म्हणून ओळखलं जातं. त्याला 'संध्याछाया'च्या शेजारी बसवायचं, आजकालच्या मुलांबद्दल चार उसासे टाकायचे, आणि विषय संपला. मला मात्र ते दत्तकाबद्दलचं नाटक वाटतं, आणि या विषयावर मराठीत मी जे काही वाचलं-पाहिलं त्यातलं सगळ्यात धीट.

धिटाई कुठे आहे, तर एका क्रियापदात. 'दत्त' म्हणजे दिलेला. शब्दातच मूल ही देण्याची वस्तू आहे. देणारा वेगळा, घेणारा वेगळा. पण मराठीत आपण 'तो मामाकडे दत्तक गेला' असंही म्हणतो. जणू तीन वर्षांचं पोर पिशवी भरून स्वतःच्या पायांनी निघालं होतं! दळवी हे क्रियापद शब्दशः घेतात. त्यांची माणसं खरोखरच दत्तक जातात, स्वतः ठरवून. दत्तक जाणाऱ्यालाही मत असू शकतं, हे दाखवायला त्यांना पात्रांचं वय साठ वर्षांनी वाढवावं लागलं. ही युक्ती विनोदी आहे, पण तिच्या पोटात जे आहे ते विनोदी नाही.

दळवी वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. दत्तक या शब्दाचं काय होऊ शकतं, हे त्या मुलखाला नीट ठाऊक आहे. सावंतवाडीचे तिसरे खेम सावंत 1803 मध्ये मुलगा नसताना वारले. गादीवरून भांडणं झाली. 1805 मध्ये त्यांच्या विधवा राणी लक्ष्मीबाईंनी रामचंद्र सावंत ऊर्फ भाऊसाहेब हे लहान मूल दत्तक घेतलं आणि वाद तात्पुरता मिटला. तीन वर्षांनी त्या मुलाचा अंथरुणातच गळा दाबून खून झाला. लगेच दुसरं अज्ञान मूल गादीसाठी निवडलं गेलं. साताऱ्याची आणि झाशीची दत्तकं आपण इंग्रजांचा अन्याय म्हणून शाळेत शिकतो, आणि तो अन्याय होताच. पण सावंतवाडीच्या त्या पोराची गोष्ट इंग्रजांवर ढकलता येत नाही. गादीला वारस हवा होता, आणि मूल हे त्या गरजेचं उत्तर होतं, एवढाच त्याचा अर्थ.

राजेरजवाड्यांचं सोडा. मालवणकडच्या कुठल्याही वाडीत विचारा, 'भावाचो झील ठेवन घेतल्यान' असं एक तरी घर निघतं. आमच्याच घरात आहे. आजीच्या मोठ्या जावेला मूल नव्हतं, म्हणून माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ चौथ्या वर्षी पडवीपलीकडच्या बिऱ्हाडात गेला. कागद नाही, होम नाही. तो दोघींनाही आई म्हणायचा आणि जेवायला ज्या घरात मासळी चांगली असेल तिथे बसायचा. सातबाऱ्यावर नाव लावायची वेळ आली तेव्हा मात्र तो कुणाचा, हे सगळ्यांना एकदम महत्त्वाचं वाटू लागलं. मी एकदा काकाला विचारलं, तुला तेव्हा कुणी विचारलं होतं का? तो म्हणाला, "माका कोण इचारतलो?" आणि जाळं विणत राहिला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळेच ते वाक्य मला जास्त टोचलं.

गंमत अशी की दळवींची विचित्र वाटणारी कल्पना परंपरेच्या बाहेरची नाही. धर्मशास्त्रात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. औरस आणि दत्तक आपल्याला माहीत असतात. लग्नाआधी झालेला तो कानीन, म्हणजे कर्ण. आणि याच यादीत 'स्वयंदत्त'ही आहे : आई-बाप नसलेला किंवा त्यांनी कारणाशिवाय टाकलेला, जो स्वतःलाच देऊन टाकतो. 'कालचक्र'मधलं जोडपं म्हणजे उलटे केलेले स्वयंदत्त; त्यांना मुलांनी टाकलंय. पुढच्या ग्रंथकारांनी कलियुगाच्या नावाखाली ही यादी औरस आणि दत्तक यांवर आणून ठेवली. ती जुनी यादीही काही आदर्श नव्हे, तिच्यात एकही मुलगी नाही. पण कुटुंबाचा एकच प्रकार पूर्वापार चालत आला आहे असं कुणी ठासून सांगू लागलं, की हे बारा जण आठवावेत.

आणि हल्ली ते ठासून सांगितलं जातंच. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढच्या समलिंगी विवाहाच्या खटल्यात दत्तकाचाही मुद्दा होता. जोडप्याने मूल घ्यायचं तर दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं हवं, हा नियम तीन विरुद्ध दोन मतांनी टिकला. एकट्या व्यक्तीला मूल घेता येतं, पण 2022 च्या परिपत्रकानुसार ती लग्नाशिवाय कुणाबरोबर राहत असेल तर नाही. एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने अविवाहित बाईला मूल घेण्याचा हक्क दिला होता; नवरा असलेल्या बाईला स्वतःच्या नावाने तो मिळायला 2010 उजाडलं! या नियमांमागे मुलांची काळजी नाही असं मी म्हणणार नाही. मुलांची खरेदी-विक्री झालेली आहे, तपासणी हवीच. पण आम्हा संगणकवाल्यांना एक खोड चांगली माहीत असते : जे मोजायचंय ते मोजता येत नाही, म्हणून जे मोजता येतं ते मोजायचं आणि काही दिवसांनी तेच खरं मानायचं. माया मोजता येत नाही, लग्नाचा दाखला मोजता येतो. दळवींच्या नाटकातली सख्खी मुलं या चाळणीतून पहिल्याच फटक्यात पार होतील. लग्न, घर, पगार, सगळं शाबूत. फक्त आई-बाप त्यांना नकोत.

दोन पुरुष किंवा दोन बायका एकत्र राहून मूल वाढवत असतील, तर कागदावर त्या मुलाला एकच पालक असतो. तो पालक उद्या गेला तर घरातलं दुसरं माणूस कायद्याला परकं. ही शिक्षा कुणाला होते? वाद घालणारे दोन्ही बाजूंनी मोठ्यांच्या हक्कांबद्दल आणि लायकीबद्दल बोलतात. मूल त्यात साक्षीदार म्हणूनही येत नाही.

आता नाटकाबद्दलची माझी तक्रार. दळवी दत्तक घेणाऱ्या जोडप्याला फार चांगलं करून ठेवतात. 'नातीगोती'त मतिमंद मुलाच्या आई-बापाचा थकवा, चीड, नको ते विचार सगळं ज्यांनी लपवाछपवी न करता मांडलं, ते इथे हात आखडता घेतात. दत्तक नात्यातली सगळ्यात अवघड गोष्ट उपकाराची आहे. घेणाऱ्याने कधी बोलून दाखवलं नाही तरी घेतलेल्याला ती जाणवते, आणि गावातला कुणी ना कुणी आठवण करून देतोच. म्हाताऱ्यांना निदान निघून जाता येतं, त्यांना साठ वर्षांचं शहाणपण आहे. सात वर्षांच्या मुलाला नसतं. 'संध्याछाया'तलं जोडपं रक्ताच्या नात्याची वाट पाहत शेवटी झोपेच्या गोळ्या घेतं. 'कालचक्र'मधलं वाट पाहणं सोडून देतं. ही मोठी उडी आहे. पण ज्या घरात ती माणसं जाऊन पडतात, तिथली जमीन दळवी पुरेशी खोदत नाहीत.

बाल न्याय कायद्याच्या 61 व्या कलमात म्हटलं आहे, की दत्तकाचा आदेश देताना मुलाचं वय आणि समज पाहून त्याच्या इच्छेचा योग्य विचार झालेला असावा. 2021 च्या दुरुस्तीनंतर हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. म्हणजे ओरोसला, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एका टेबलापाशी, एखादं सात वर्षांचं पोर खुर्चीवर पाय लोंबकळत बसलेलं असू शकतं, आणि कुणीतरी त्याला विचारतंय, तुला यांच्याकडे जायचं आहे का. हा प्रवेश मराठीत कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. दळवी असते तर त्यांना हे टेबल नक्की दिसलं असतं, आणि त्या पोराच्या तोंडी त्यांनी असं काही घातलं असतं, की सहीसाठी पुढे आलेलं पेन थोडा वेळ तसंच राहिलं असतं.